विमलअक्का आणि मुरगूडची कॉट

विमलअक्का मगदूम बोर्डाच्या बैठकीला जेवून यायच्या.

आमच्या सेवाभावी क्लबच्या संचालक मंडळाची बैठक महिन्यातून एकदा स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलात, वरच्या मजल्यावर भरायची. आधी घंटा, मग मागच्या बैठकीचं इतिवृत्त, मग जेवण आणि जेवता जेवता उरलेले विषय. अक्का जैन. दिवस मावळला की तोंडात काही घालायच्या नाहीत, पाणीसुद्धा नाही. आम्ही ताटं ओढून बसलो की त्या टेबलाच्या टोकाला दोन्ही हात मांडीवर ठेवून आमच्याकडं बघत राहायच्या. आपण जेवताना कुणी असं बघत बसलं की घास उतरत नाही. त्यात अक्कांना प्रश्नही नेमके तेव्हाच सुचायचे.

"नेत्र शिबिरात चष्मं वाटलासा न्हवं? ते कोन घालतंय का, कुनी जाऊन बघितलं का?"

सगळ्यांची तोंडं भरलेली. उत्तर द्यायचं तर आधी घास गिळायला हवा आणि गिळेपर्यंत अख्खा हॉल शांत. अक्का बोर्डावर आल्यापासून आमच्या बैठका लवकर संपू लागल्या, हे मी सचिव म्हणून खात्रीनं सांगू शकतो. धंद्यानं मी प्रिंटिंग प्रेसवाला. अक्का मला नावानं कधी हाक मारत नसत, 'प्रेसवाले' म्हणत.

त्यांना बोर्डावर घेतलं ते बाई हवी म्हणून. दर वर्षी एखाद्या सदस्याच्या बायकोचं नाव घालून ती जागा भरली जायची. त्या वर्षीचे अध्यक्ष इंगवले यांनी मगदूमांचं नाव काढलं. लक्ष्मीपुरीत मगदूमांचं भांड्यांचं मोठं दुकान. गल्ल्यावर अक्कांचे यजमान अण्णा मगदूम बसलेले आणि त्यांच्या मागं अक्का गप उभ्या, एवढंच इंगवल्यांनी पाहिलेलं. "शांत बाई आहेत," असं ते आम्हाला म्हणाले होते. अक्का अण्णांच्या मागं गप उभ्या असत, कारण अण्णांना हिशेब करताना बोललेलं चालत नसे. दुकानाबाहेर अक्कांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. कोल्हापुरातल्या पुष्कळ बायकांसारख्या त्या 'मी येतो, मी जातो' असं बोलायच्या, पण त्यांच्या तोंडी ते बोलीपेक्षा स्वभाव वाटायचं.

रुग्णसाहित्य केंद्राची कल्पना इंगवल्यांची. दवाखान्यातनं घरी आणलेल्या माणसाला दोन-चार महिने डोक्याकडनं वर होणारी कॉट लागते, चाकाची खुर्ची लागते, वॉकर लागतो. विकत घेणं सगळ्यांना जमत नाही, आणि घेतलं तरी नंतर ते माळ्यावर पडतं. क्लबनं ह्या वस्तू घ्यायच्या, लागेल त्याला बिनपैशात वापरायला द्यायच्या, काम झालं की परत आणायच्या. कल्पना चांगलीच होती. इंगवल्यांचं टाइल्सचं दुकान. माणूस वाईट नव्हे, व्यासपीठ आवडायचं एवढंच. त्यांनी ठराव मांडला आणि टेबलाभोवती सगळे हात वर झाले. अक्कांचा सोडून.

"अक्का, तुमचा विरोध आहे?" इंगवल्यांनी विचारलं.

"विरोध न्हाय. हात बघायलोय. कॉट उचलाय चौघं लागत्यात. ह्यातलं चौघं कोन?"

पापड मोडल्याचा आवाज तेवढा आला. एकेक हात खाली उतरला आणि ते खातं अक्कांकडं गेलं.

दुकानाच्या मागं मगदूमांचं गोदाम होतं. पातेल्यांच्या थप्प्यांशेजारी कॉट रचल्या गेल्या. अण्णांनी त्यावर काही म्हटल्याचं ऐकिवात नाही. वाहतुकीला रफिक होता, अक्कांसारखाच कसबा बावड्यात राहणारा टेम्पोवाला. दुकानाची भांडी त्याच्याच टेम्पोतनं यायची. कॉट पोचवायला अक्का स्वतः त्याच्या शेजारी बसून जायच्या. दार अरुंद असेल तर कॉट कशी तिरकी करायची, जिन्यातनं कुठला भाग आधी न्यायचा, हे त्या रस्त्यावर उभ्या राहून ओरडून सांगत. शेजारपाजारची माणसं त्या आवाजानंच बाहेर येत आणि मग त्यातल्याच दोघातिघांना अक्का कामाला लावत.

इंगवल्यांना फोटो हवा होता. चाकाच्या खुर्चीत पेशंट, मागं बॅनर, बाजूला बोर्ड. अक्का म्हणाल्या, "काढा की फोटो. पन कॉट जिन्यातनं चढवताना काढा. बघू तरी कोन कोन हाय त्यात." फोटो निघाला. क्लबच्या पत्रिकेत मीच तो छापला. त्यात अक्का आहेत, रफिक आहे आणि माझा अर्धा खांदा. नंतर फोटोचा विषय कुणी काढला नाही.

त्या दिवसांतला एक प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. गुजरीतल्या पोतदार नावाच्या जुन्या सोनाराला अर्धांगाचा झटका आलेला. मुलानं कॉट मागितली. आम्ही ती वर नेली, तर भुईवरच्या गादीवर पडलेल्या पोतदारांनी कॉटकडं एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. बोलणं जड झालं होतं, तरी एवढं कळलं, "दवाखान्यातली हाय ती. तिच्यावरनं मानूस उतरत न्हाय."

मुलगा समजूत घालू लागला. सून रडायला लागली. अक्कांनी कोपऱ्यात चपला काढल्याच होत्या. त्या पदर खोचून सरळ कॉटवर चढल्या आणि आडव्या झाल्या.

"रफिक, फिरव हँडल."

रफिकनं हँडल फिरवलं. अक्का डोक्याकडनं हळूहळू वर आल्या आणि पोतदारांच्या समोर बसत्या झाल्या. तिथनंच त्यांनी सुनेला सांगितलं, "रडू नगंस. चा टाक." चहा येईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. सोन्याचा भाव विचारला, गुजरीतली कुठली दुकानं बंद पडली ते विचारलं. पोतदारांचं तोंड केव्हातरी भिंतीकडनं वळलं. चहा संपवून अक्का कॉटवरनं उतरल्या, साडी नीट केली.

"उतरलो. आता तुमची पाळी."

पोतदार हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसली, पण हसले. पुढं काही महिन्यांनी ते मुलाचा हात धरून रिक्षातनं लक्ष्मीपुरीत आले आणि दुकानाच्या पायरीशी उभे राहून अक्कांना म्हणाले, "उतरलो." कॉट त्याच संध्याकाळी परत आली.

पण सगळ्या कॉट अशा परत येत नाहीत. बहुतेक कॉट माणूस गेल्यावरच रिकाम्या होतात. आणि त्या परत आणणं हे ह्या कामातलं सगळ्यात अवघड काम. दुसऱ्या एका संस्थेची माणसं म्हणे तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी फोन करीत. अक्कांना ते ऐकूनच राग आला होता. "मयताच्या घरात वस्तू मागाय जायाचं? आमच्यात अशी रीत न्हाय."

अक्कांची रीत वेगळी होती. माणूस गेल्यावर काही दिवसांनी त्या त्या घरी जायच्या. कॉटविषयी एक अक्षर बोलायच्या नाहीत. घरातल्या बाईच्या पुढ्यात जे काम असेल त्याला हात लावायच्या, मेथी निवडायची असेल तर मेथी, तांदूळ असतील तर तांदूळ. दुधाचा दर, पोरांच्या शाळा, कुणाचं लग्न कुठं ठरलं, असल्या गोष्टी चालायच्या. चहा प्यायच्या आणि उठायच्या. त्या घरातलंच कुणीतरी कधीतरी म्हणायचं, "अक्का, ती कॉट…" मग अक्का आत्ताच आठवल्यासारखं म्हणायच्या, "हां, ती व्हय? धाडतो की रफिकला." कुठं पहिल्याच भेटीत हे व्हायचं, कुठं तिसऱ्या.

आम्हा सगळ्यांना ह्याचं फार कौतुक होतं. इंगवल्यांनी बाहेरगावच्या एका मेळाव्यात ह्या पद्धतीवर भाषण केलं. 'आमचा अक्का पॅटर्न' असा शब्द त्यांनी वापरला आणि टाळ्या पडल्या. अक्का त्या मेळाव्याला आल्या नव्हत्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "पॅटर्न कसला? बसायचं आनि चा प्यायचा."

त्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला मुरगूडमधला एक पेशंट गेला. चौगुले म्हणून शेतकरी, फार दिवस अंथरुणावर होते. मागं बायको, शालन, आणि दावणीला म्हैस. मूलबाळ नाही. घर दोन खोल्यांचं. अक्का एकदा जाऊन आल्या. कॉट आली नाही. दुसऱ्यांदा जाताना मीही टेम्पोत बसलो, कारण मुरगूडमध्ये एका लग्नपत्रिकेचं प्रूफ मला दाखवायचं होतं.

बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून आमची कॉट. तिच्यावर घोंगडं पसरलेलं, घडी न केलेली वाकळ, उशी. शालन तिच्यावरच झोपत असणार हे दिसत होतं. भुईमुगाच्या वाळलेल्या शेंगांची टोपली पुढ्यात होती. अक्का खाली बसल्या आणि शेंगा फोडू लागल्या. शालनही फोडू लागली. मी उंबऱ्यात बसून बाहेरच्या म्हशीकडं बघत होतो. म्हैस किती दूध देते, वैरणीचं कसं, औंदा भात कसं आलंय, एवढं बोलणं झालं. शालननं चहा दिला. कपबशी देताना तिनं अक्कांच्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघितलं, असं मला आता वाटतं. तेव्हा ती नवऱ्याच्या आठवणीनं गप झाली असेल असं वाटलं होतं. कॉटचं नाव ना हिनं काढलं ना तिनं.

परतताना मी म्हणालो, "अक्का, बावड्यातनं फोन येतोय न्हवं? ती सुरेखा?"

कसबा बावड्यातली सुरेखा एका शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. आई आणि ती, दोघीच. आई न्हाणीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या वयात ऑपरेशन नको, असं डॉक्टर म्हणाले आणि म्हातारी घरी आली. सुरेखानं अक्कांना फोन करून कॉट मागितली होती. बाकीच्या सगळ्या कॉट आजारी माणसांच्या घरांत होत्या. अक्कांनी आणखी दोन संस्थांकडं विचारलं, तिथंही नव्हती. "येईल दोन-चार दिसांत," असं त्या सुरेखाला म्हणाल्या होत्या.

अक्का रस्त्याकडं बघतच म्हणाल्या, "वाट बघनाऱ्याला कुठनं तरी दुसरी कॉट बघता येईल. हिला दुसरा नवरा कुठनं आणू?"

हे वाक्य मी इंगवल्यांना सांगितलं. त्यांनी ते पुढच्या भाषणात घेतलं.

सुरेखाची आई गणपतीच्या आधी गेली. त्या महिन्याच्या बैठकीत जेवण सुरू असताना हॉलचं दार उघडून सुरेखा आत आली. तिला आम्ही कुणी ओळखत नव्हतो. अक्काही तिच्याशी फोनवरच बोललेल्या. तिनं नाव सांगितलं. इंगवले उठले आणि म्हणाले, "या ताई, बसा. जेवून घ्या."

"जेवाय आलो न्हाय," ती म्हणाली. रडत नव्हती. "विचाराय आलो. मुरगूडला तुमची एक कॉट रिकामी हुती. मानूस जाऊन दोन म्हयनं झालतं. आमच्या गल्लीतला रफिकभाई म्हनला. मग ती मला का दिली न्हाय?"

सुरेखानंच पुढं सांगितलं.

"आई कॉटनं वाचली नसती, मला ठावं हाय. डॉक्टरनी सांगितलतं. पन मी तिला रोज भुईवरनं उचलत हुतो. लघवीला, कूस बदलाय, समद्याला. एकटी. ती म्हनायची, तुझी कंबर मोडंल बाई. मग तिनं पानी प्यायचंच सोडलं. पानी प्यालं न्हाय म्हंजे उठवाय लागत न्हाय. मी तांब्या तोंडाला लावायचो, ती दात आवळून धरायची."

इंगवले चांगल्या मनानं बोलायला गेले. "ताई, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. पण ही सेवा आहे, आमची साधनं मर्यादित आहेत…"

"इंगवले, बसा," अक्का म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या. सुरेखाकडं बघून म्हणाल्या, "मी विमल मगदूम. फोनवर मीच हुतो. मुरगूडला मी दोनदा गेलतो. कॉट समोर हुती. मी मागितली न्हाय. ह्या बाकीच्यांचा ह्यात काय संबंध न्हाय."

"का मागितली न्हाईसा?"

"त्या घरात मयत झालतं. मागवंना."

सुरेखानं मान हलवली. पटल्यासारखी नव्हे, ऐकलं एवढ्यापुरती. "आमच्या घरात बी झालं आता," ती म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली. ताटांत कुणी पुन्हा हात घातला नाही. इतिवृत्तात काय लिहायचं हे मी इंगवल्यांना विचारलं. ते म्हणाले, इतर विषय नाहीत असं लिहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा फोन आला. "प्रेसवाले, मुरगूडला जायाचं हाय. उचलाय मानूस पायजे." मी गेलो. वाटेत रफिक रस्त्यावरची नजर काढत नव्हता. आपण सुरेखाला सांगितलं ह्याबद्दल त्याला बोलणी बसतील असं वाटत असावं. ती बसली नाहीत.

शालन दारातच होती. अक्का ह्या वेळी बसल्या नाहीत. उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून म्हणाल्या, "शालन, कॉट न्ह्याय आलोय. तुला वाईट वाटंल, पन दुसऱ्याला पायजे."

शालननं कपाळाला हात लावला.

"अवो अक्का, मी कवापासनं तुमच्या तोंडाकडं बघतोय, कवा मागताय म्हनून! दोनदा आलासा आनि शेंगा फोडून गेलासा. मला वाटलं, तुमच्याकडं ठेवाय जागा नसंल म्हनून हितंच ऱ्हाऊ देतायसा."

"मग म्हनायचं न्हाईस व्हय?"

"कसं म्हनू? एवढं केलासा आमच्यासाठी. काम झालं आनि ढकलून दिली, असं तुम्हाला वाटलं असतं."

अक्कांनी कॉटवरच्या वाकळेकडं बोट केलं. "आनि हिच्यावर निजतीस ते?"

"निजू कुठं मग? खोली अख्खी हीच खाऊन बसलीया. तेंचा जीव हिच्यावरच गेला, अक्का. दिवा घालवला की अंगावर काटा येतो. डोळ्याला डोळा न्हाय लागत माझा."

मी, रफिक आणि शेजारचे दोघे अशी कॉट उचलून बाहेर काढली. आम्ही ती टेम्पोत बांधतोय तोवर शालननं केरसुणी घेतली आणि कॉटखालची जागा झाडायला सुरुवात केली. आम्ही निघालो तरी ती झाडतच होती. चहाचं विचारायलाही विसरली.

कागल मागं पडलं. मग अक्का कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या, "मी गप बसून चा पीत हुतो. ती गप बसून चा देत हुती. आनि हिकडं ती म्हातारी पानी पीत नव्हती."

रफिकनं गाडीचा वेग थोडा कमी केला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर त्या एकदाच सुरेखाच्या दारात गेल्या. मी नव्हतो, हे मला रफिकनं सांगितलं. सुरेखा म्हणाली, "बसा म्हननार न्हाय मी." अक्का म्हणाल्या, "बसाय आलो न्हाय. त्या दिशी बोर्डात मी म्हनलो, मयताचं घर म्हनून मागवंना. ते खरं हुतं, पन अर्धंच. मागितली असती तर मिळत हुती. ती बाई द्यायला बसली हुती. हे तुला ठावं असाय पायजे." सुरेखानं दार लावलं. अक्का थोडा वेळ बंद दारासमोर थांबल्या आणि मग चालत घरी गेल्या. हे सांगण्यानं सुरेखाचं दुःख वाढलं की कमी झालं, कोण जाणे. न सांगताही चाललं असतं, असं मला वाटतं. अक्कांना तसं वाटलं नाही.

आमच्या लक्षात आलं ते एवढंच, की अक्कांची रीत बदलली. कॉट देतानाच त्या दारात उभ्या राहून खणखणीत आवाजात सांगू लागल्या, "ही कॉट क्लबची. मानूस बरा झाला तर मागाय येनार. न्हाय झाला तरी येनार. तवा राग धरायचा न्हाय." घरात माणूस अंथरुणावर पडलेला आणि ही बाई असलं अभद्र बोलते, हे लोकांना सहन होईना. मलकापूरकडच्या एका घरानं तर भरलेला टेम्पो तसाच परत पाठवला. इंगवल्यांकडं तक्रारी आल्या. तेरावं झालं की दुसऱ्या दिवशी अक्का दारात हजर. कुणी निमूट कॉट दिली, कुणी लाज काढली. एका घरात म्हाताऱ्याचा मुलगा अंगावर धावून आला. अक्का जागच्या हलल्या नाहीत. त्याचा राग संपेपर्यंत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "आता त्या बाजूनं धर." आणि त्यानं धरली.

"अक्का पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत," इंगवले मला म्हणाले. त्यांच्या भाषणातनं तो 'पॅटर्न' गेला.

मी एकदा अक्कांना विचारलं, पहिली रीत बरी की ही? त्या पातेल्यावरची धूळ पुसत होत्या. म्हणाल्या, "मला काय ठावं? पोतदाराच्या घरात ही रीत चालली नसती. मुरगूडात ती चालली न्हाय. मानसाच्या मनातलं आपल्याला कळतंय, असं मला वाटायचं. ते न्हाय कळत, एवढं कळलं."

त्यानंतर वर्ष संपेपर्यंत केंद्राकडं आलेला एकही माणूस कॉटवाचून राहिला नाही. हे त्यांच्या बदललेल्या रीतीमुळं, की त्या दिवसांत मागणीच कमी होती, ते मी सांगू शकत नाही.

पदग्रहणाच्या आधी इंगवल्यांनीच त्यांचं नाव पुढच्या अध्यक्षपदासाठी सुचवलं. हे त्यांनी मनापासून केलं. अक्कांनी नकार दिला आणि त्याबरोबर क्लबही सोडला. कारण विचारलं तर "जमत न्हाय" एवढंच उत्तर मिळालं. नव्या बोर्डानं केंद्राचं काम एका तरुण दंतवैद्याकडं दिलं. कॉट मगदूमांच्या गोदामातनं भाड्याच्या गाळ्यात गेल्या. दंतवैद्य काम चांगलं करतो. तो मेसेज पाठवून कॉट परत मागतो, लोक होकाराचा वर केलेला अंगठा पाठवतात आणि कॉट येते. बैठकाही पुन्हा पूर्वीसारख्या लांबल्या. अक्कांची खुर्ची टेबलाच्या टोकाला तशीच असते, तिच्यावर आता कोटबीट ठेवतात.

त्यानंतर अक्का मला फारशा भेटल्या नाहीत. दुकानात कधी गेलो तर अण्णांच्या मागं उभ्या दिसायच्या, मान हलवायच्या.

मागच्या हंगामात एकदा दिवस मावळायच्या सुमाराला मी बावड्याकडनं गाडीनं येत होतो. कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. एकेका ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांना बाहेर आलेला, मागं दिवा नाही की काही नाही. अंधारात ह्या ट्रॉल्या दिसत नाहीत आणि मोटरसायकलवाले त्यांच्यावर जाऊन आदळतात, हे इकडं सगळ्यांना माहीत आहे. रांग एकाएकी थांबली. हॉर्न सुरू झाले. मी काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

रस्त्याच्या मधोमध एक स्कूटर आडवी लावलेली होती आणि ट्रॅक्टरसमोर अक्का उभ्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी, हातात लाल रेडियमच्या पट्टीचं रीळ.

"कोन हाईसा तुम्ही?" ट्रॅक्टरवाला वरनं ओरडला. "आरटीओ?"

"न्हाय."

"कारखान्याचं?"

"न्हाय."

"मग कंच्या संस्थेचं?"

"कुनाची न्हाय. ट्रॉलीला मागं पट्टी चिकटवू का? व्हय म्हन न्हायतर न्हाय म्हन. मागं लोक खोळंबल्यात."

त्यानं मागं वळून रांगेकडं बघितलं. "चिकटवा की माझे आई, आनि सोडा मला."

अक्का मागच्या ट्रॉलीशी गेल्या. फडक्यानं फळीवरची धूळ पुसली, पट्टी कापली, चिकटवली आणि वर तळहातानं दोनदा जोरात थापटली. अण्णा कुठं दिसत नव्हते, रफिक नव्हता, बॅनर नव्हता. त्यांनी स्कूटर बाजूला घेतली. ट्रॅक्टर हलला. तो पुढं जाऊन वळणाला लागला तेव्हा कुणाच्यातरी गाडीचा उजेड मागच्या फळीवर पडला आणि ती लाल पट्टी पेटल्यासारखी दिसली.

माझी गाडी त्यांच्या शेजारनं जाताना मी वेग कमी केला आणि "अक्का!" म्हणून हाक मारली. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या पुढच्या ट्रॅक्टरच्या चाकाशी उभ्या राहून, मान वर करून, त्यावर बसलेल्या माणसाला म्हणत होत्या, "पावणं, एक विचारायचं हुतं."